शेंदराखालची काच

सुरतेतल्या आमच्या बमरोलीच्या मंडळाची पोरं दिवाळी अंकाला लेख मागायला घरी आली, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, मी काय काम केलं ते मलाच धड सांगता येत नाही, तर लिहू काय कपाळ! त्यातला एक म्हणाला, "आप्पा, तुम्ही डोंगरातल्या गावांना इंटरनेट नेलं, तेच लिहा." मी काही नेलं नाही. मी चर खणला, त्यात पाईप टाकला, वर माती लोटली. पाईपातून कोणी काय नेलं ते नेणाऱ्याला माहीत. पण पोरं चहा पिऊन गेली तरी विषय डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो. शाळा चौथीपर्यंत. अक्षर माझं आहे, काना-मात्रा नातीच्या.

अडचण वेगळीच आहे. असल्या गोष्टी सांगायचं काम आमच्या घरात दीपकच्या मायचं होतं. दीपक माझा मुलगा, त्याची माय म्हणजे माझी बायको. पाहुणे आले की ती सांगायची आणि मी नुसता हं हं करायचो. ती गेली त्याला दीड वर्ष होत आलं. आता मला सांगता येत नाही आणि हं म्हणायला पण कोणी सांगत नाही. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. कामापासून करतो.

मी अमळनेरकडचा. सुरतेत आलो तो उधन्याला सांच्यावर, म्हणजे मागावर. त्या खडखडाटात डावा कान गेला, मग कारखानाच बंद पडला, मग मेव्हण्याच्या टोळीत रस्त्याकडेला चर खोदू लागलो आणि पुढे त्याच टोळीचा मुकादम झालो. एवढं पुरे. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

केबल म्हटली की लोकांना तार वाटते. तार नाही, काच आहे. केसाएवढी बारीक काच, तिच्यातून उजेड पळतो, आणि त्या उजेडात म्हणे तुमचं बोलणं, फोटो, बँकेचे पैसे सगळं असतं. चर छातीइतका खोल खणायचा असा नियम. खडक लागला की नियम गुडघ्यावर येतो. चरात प्लास्टिकचा पाईप, आणि पाईपात हवेच्या मशीनने केबल ढकलायची. दोन केबली भेटतात तिथं काच काचेला वितळवून जोडायची. तो जोड एका काळ्या डब्यात बंद करायचा, डबा सिमेंटच्या खड्ड्यात ठेवायचा, वर झाकण. जागा पुन्हा सापडावी म्हणून तिथं दगड रोवायचा. दगडावर रंगाने नंबर आणि खाली केबल आहे, खोदू नका. केबल शेवटी जाते पंचायतीच्या खोलीत, तिथं भिंतीवर एक पेटी. पेटीवर हिरवा दिवा लागला की गावात इंटरनेट आलं.

दीपकच्या मायला हे मी समजावलं तर ती म्हणाली, "म्हणजे पाईपात उजेड शे, आणि पंचायतना बल्ब कसाले बंद शे?" वीजच नव्हती गावात त्या दिवशी.

आता हे काम कोणाचं, ते सांगतो. म्हणजे सांगायचा प्रयत्न करतो. सुरतेच्या पुढे सोनगडला आम्हा मुकादमांना एका हॉलमध्ये बसवून एका मोठ्या साहेबाने समजावलं होतं. भागीदारी आहे, म्हणाला. एकटं सरकार एवढ्या लांब जाऊ शकत नाही आणि एकट्या कंपनीला डोंगरात परवडत नाही, म्हणून दोघांनी मिळून. सरकार जागा देईल, थोडा पैसा देईल. कंपनी केबल टाकेल, चालवेल, कमाई करेल. ऐकायला बरं वाटलं. जेवण पण चांगलं होतं.

पण रस्त्यावर उतरलं की गुंता. रस्ता बांधकाम खात्याचा. रस्त्याच्या कडेची झाडं जंगल खात्याची. पाईप सरकारचा, आतली काच काही सरकारची, काही कंपनीची. पेटी कंपनीची, पेटीची खोली पंचायतीची, खोलीची किल्ली शिपायाच्या बायकोकडे. कंपनीने काम एका ठेकेदाराला दिलं, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने मेव्हण्याला, मेव्हण्याने मला. चालू असलं की सगळे मालक. बंद पडलं की कोणाचंच नाही. दीपकची माय म्हणायची, दोन घरचा पाहुणा उपाशी. मी इतकी वर्षं काम केलं, पण मी सरकारचा माणूस होतो की कंपनीचा, हे मला आजही माहीत नाही. टोपी कंपनीची होती. फावडं माझं.

लोक तर काय एकेक भेटले! एकाने केबल उपटून विळ्याने सोलली. तांबं निघेल असं त्याला वाटलं. काच निघाली तर माझ्यावरच चिडला. "नुसती काच पुरता आणि एवढा मोठा चर कशाला खणता?" म्हणाला, "लोकांना फसवायचं काम!" माझ्याकडून बिडी घेतली आणि पुन्हा शिव्या देत गेला. एका सरपंचाने पेटीची बॅटरी घरी नेली, टीव्हीला लावली. मी विचारलं तर म्हणतो, "पेटी सरकारी, मी सरपंच, म्हणजे मी पण सरकारीच ना?" मी विचार करत बसलो. चूक कुठे होती सांगता येईना.

खोदाई संपली तेव्हा मला राखणीवर ठेवलं. म्हणजे केबल गेली त्या रस्त्याने रोज फिरायचं आणि कोण खोदतंय का बघायचं. मोपेडवर पुढे मी, मागे दीपकची माय. पोराचं लग्न झालं, घरात सून आली, मग ती म्हणाली, घरात बसून मी काय करू, मी येते. सोनगडच्या पुढे डोंगरात आम्ही एक खोली घेतली होती. टोळी असे तेव्हा टोळीचा स्वयंपाक करायची, नंतर माझ्यासोबत राखण. जेसीबीवाल्यांशी तीच भांडायची. मला कमी ऐकू येतं, भांडणात मी मागे पडतो.

केबल कापली जायची ती जेसीबीने. आमच्या दगडांना कोणी विचारत नव्हतं. त्यावर कोणी विळ्याला धार लावी, म्हैस अंग घासी. नंबर पुसून गेले की दगड तो दगड. एका वळणावर तर फारच वैताग होता. एका बाजूला खडक, एका बाजूला उतार, मध्ये अरुंद पट्टी. जोडाचा डबा त्याच पट्टीत होता आणि बाजूला जागाच नाही, म्हणून दगड मी थेट झाकणावर बसवला होता. ज्याला मुरूम पाहिजे तो तिथंच जेसीबी घालायचा. पुढच्या दोन पाड्यांचं इंटरनेट त्या एका जोडावर.

असंच एकदा खोदाईचं निस्तरून आम्ही तिथं भाकर खात बसलो होतो. दीपकची माय उठली, पिशवीतून शेंदराची पुडी काढली. शनिवार होता, मारुतीला लावायला ती जवळ ठेवायची. तेलात कालवला आणि दगडाला फासला. वर जंगली फूल ठेवलं.

मी म्हटलं, "काय करी राहिनी? देव शे का तो?"

ती म्हणाली, "तुमना दगडले कोन इचारस? शेंदूर दिसना का मानूस हात लावत नई."

आणि खरंच नाही लावला. पुढचा जेसीबीवाला मशीन बंद करून खाली उतरला, पाया पडला आणि पन्नास पावलं पुढे जाऊन खोदू लागला. मी हसलो. दीपकची माय हसली नाही. तिने पण हात जोडले. मी म्हटलं, अगं, तूच लावलास ना शेंदूर? तर म्हणाली, "मी लावला म्हणून काय झालं?" ह्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आता विचारायला ती नाही.

मग तिथं नारळ फुटू लागले. त्या गावची माणसं मातीचे घोडे आणून ठेवू लागली, देवाला वाहायची त्यांची तशी रीत आहे. कोणीतरी दोन पोती सिमेंट आणून दगडाभोवती ओटा बांधला. जोडाचं झाकण ओट्याखाली गेलं. मी ठेकेदाराला सांगितलं. तो म्हणाला, "केबल चालू छे ने? तो पछी शुं, मग काय?" चालू होती. खूप वर्षं चालली. त्या पट्ट्यात एवढा काळ न कापलेली केबल ती एकच.

मग दीपकची माय आजारी पडली. खोकला, मग दम. आम्ही खोली सोडली, सुरतेला आलो, सिव्हिलला दाखवलं, मग प्रायव्हेटला, पुन्हा सिव्हिलला. फुफ्फुस गेलं होतं. चुलीच्या धुराने म्हणतात, कोणी म्हणतं मागाच्या कापसाने, तिने पण तरुणपणी मागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, काम केलं होतं. प्रत्येक डॉक्टर वेगळं सांगे. ती गेली. मी काम सोडलं. खोलीत बसून राहायचो. सून ताट आणायची, मी जेवलो की नाही हे मला ताटाकडे बघून कळायचं.

गेल्या वर्षी पाऊस ओसरला तेव्हा जिग्नेशभाईचा फोन आला. हा कंपनीचा तरुण इंजिनियर, सुरतेतल्या वराछाचा, माणूस चांगला. म्हणाला, "आप्पा, तमे चालो ने. तुमच्या देवाखाली फॉल्ट आहे आणि गाववाले हात लावू देत नाहीत."

मी म्हटलं, फॉल्ट तिथं नसेल, पुढच्या नाल्याच्या मोरीत असेल. तिथं उंदीर फार. तो म्हणाला, मशीन सांगतंय. काच तपासायचं मशीन असतं त्यांच्याकडे, एका टोकाने उजेड सोडला की किती लांब काच तुटली ते दाखवतं. मी म्हटलं, मशीनला काय कळतंय. त्याने वाद घातला नाही, मला नाल्यावर नेलं, मोरीतला पाईप उघडून दाखवला. आतली केबल नवी नवरी असल्यासारखी. तेव्हा मी पुन्हा गाडीत बसलो.

पुढच्या पाड्यांचं काय झालं होतं ते ऐका. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन असतं. अंगठा लावायचा, मशीन इंटरनेटवर विचारतं, हाच का तो माणूस, होकार आला की धान्य. केबल यायच्या आधी दुकानदार मशीन घेऊन टेकडी चढायचा, वर मोबाईलची रेंज मिळे, आणि सगळं गाव त्याच्या मागे. म्हातारी माणसं खाटेवर घालून वर न्यायची. केबल आली, ते बंद झालं. आता जोड मेला आणि पुन्हा तीच टेकडी. पावसात सोनीबाय नावाची म्हातारी वरून घसरली, मनगट मोडलं. सोनीबाय दीपकच्या मायची मैत्रीण. दोघी बांधावर बसून तंबाखू खायच्या.

जिग्नेशभाईने सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. सरकारी ऑफिस म्हणालं, दुरुस्ती कंपनीची. कंपनी म्हणाली, पंचायतीची परवानगी आणा. पंचायत म्हणाली, देवाला विचारा. वळणाला वळसा घालून नवी केबल टाकावी तर जंगल खात्याची परवानगी, ती कधी येईल ते खुद्द जंगल खात्याला ठाऊक नाही. "आप्पा," तो म्हणाला, "तुम्ही फक्त जाऊन सांगा, तो देव नाही, तुमच्या बाईने शेंदूर लावला होता. बस."

बस म्हणे! गाडीत मी हाच विचार करत होतो. सांगितलं तर काम होईल. पण तिचं एवढंच तर मागे राहिलं होतं जगात. घरातल्या तिच्या साड्या सुनेने वाटून टाकल्या. एवढा एक दगड होता, ज्यापुढे लोक वाकत होते. तो मी माझ्या तोंडाने खोटा पाडायचा? आणि नाही पाडला, तर सोनीबायने मोडक्या हाताने टेकडी चढायची? मला काही ठरवता येईना. तोंड उघडेन तेव्हा काय निघेल ते निघो, म्हटलं.

ओट्यापाशी सगळं गाव जमलेलं. मी चप्पल काढली. का काढली माहीत नाही. ज्या दगडाचा नंबर मी रंगवला तिथं मी चप्पल काढून उभा. सोनीबाय समोर, हाताला प्लॅस्टर. त्यांची बोली आमच्या अहिराणीच्या शेजारची, मी आपल्या पद्धतीने लिहितो.

"एकटाच आला?" तिने विचारलं. तिला कळलं नव्हतं.

मी सांगितलं. ती ओट्यावर बसली. जिग्नेशभाईने मला कोपराने ढोसलं.

मी म्हटलं, "सोनीबाय, हा देव नाही. ही केबलची खूण आहे. दगड मी रोवला. जेसीबी येऊ नये म्हणून दीपकच्या मायने शेंदूर लावला."

"माहीत आहे," सोनीबाय म्हणाली. "मी तेव्हा समोरच्या शेतात होते. बघत होते."

"मग?"

"मग काय? सगळे देव कोणीतरी पहिल्यांदा शेंदूर लावला म्हणूनच झाले ना? तू काय वरून पडलेला बघितलास?"

लोक हसले. जिग्नेशभाई पण हसला, मग मान खाली घातली. माझी मात्र मती गुंग. मी समजत होतो मी खरं सांगून यांना धक्का देणार, आणि खरं सगळ्यांना आधीपासून माहीत.

मी म्हटलं, "अगं, तुझाच हात मोडलाय ह्याच्यापायी. टेकडी तूच चढतेस."

"चढते. पण दगडाला हात लावून उद्या काही झालं तर? नातवंडं आहेत घरात."

त्यांचा भगत होता तिथं, देवाचं करणारा. बारीक म्हातारा, फार बोलायचा नाही. त्याने तोडगा सांगितला. देव हलवता येतो. पण ज्याच्या हाताने बसला, त्याच्या हाताने उठला पाहिजे. बाई गेली, तर तिचा घरधनी चालेल. पण जोडीने बसावं लागेल.

मी उखडलो. "जोडी कुठून आणू? जाळून आलो ना मी तिला!"

माझा आवाज जास्त चढला असावा. एका कानाने आवाजाचा अंदाज येत नाही. लेकरं मागे सरली.

सोनीबाय शांतपणे म्हणाली, "तुमच्यात सुपारी नाही का लावत? मी पाटलांच्या मळ्यात राबायला जायची तेव्हा बघितलंय. बाई नसली की तिच्या जागी सुपारी, माणसाच्या कंबरेला."

आहे, आमच्यात तशी रीत आहे. पूजेला बायको नसली तर कंबरेला सुपारी लावून बसतात. मी विसरूनच गेलो होतो. मी म्हटलं, "सुपारी आणायची कुठून आता?"

जिग्नेशभाईला एकदम हुरूप आला. खिशातून तंबाखूच्या माव्याची पुडी काढली. "आप्पा, सुपारी छे मारी पासे!"

"अख्खी लागते भाऊ. तुझी कातरलेली, चुना लावलेली."

"थोडी चाले नहीं?"

"बायको आहे माझी. तुकड्यात बसवू?"

तेव्हा सगळ्यात जास्त सोनीबायच हसली. नंतर तिनेच घरून अख्खी सुपारी आणवली. मी पँट घालून होतो, धोतर असतं तर गाठ मारली असती. रुमालात बांधून पट्ट्यात खोचली. बसलो. भगताने तांदूळ मांडले, विचारलं, "बाईचं नाव?"

माझ्या तोंडून निघेना. आमच्या पिढीत नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर कायम दीपकची माय, आणि दीपक व्हायच्या आधी नुसतं ऐकलं का. दवाखान्यात फॉर्मवर सुद्धा नाव दीपकने सांगितलं. भगत थांबून होता. "इंदूबाई," मी म्हटलं. नाव दुसऱ्याच कोणाचं असल्यासारखं वाटलं. मग पुन्हा म्हणून बघितलं, "इंदू."

मग पहार मीच घातली. ओटा फोडायला कोणी मदत केली नाही, भगताने मनाई केली होती. देव उठेपर्यंत माझाच हात. वाकलं की सुपारी पोटाला टोचायची. ती पण अशीच होती, काम चालू असताना टोचत राहायची, असं धरा, तसं धरा. दगड सुटला. मी कवेत घेऊन बाजूला कांबळ्यावर ठेवला. मग जिग्नेशभाईची माणसं खाली उतरली.

झाकण उघडलं तर आत काय! आंबूस वास. डब्यात पाणी आणि पाण्यात मुंग्यांचं वारूळ कुजलेलं. जिग्नेशभाईने बोट बुडवून वास घेतला. "आप्पा, नारियल!"

खरं होतं ते. इतकी वर्षं ओट्यावर नारळ फुटत होते, पाणी झाकणाच्या फटीतून आत झिरपत होतं. गोड पाण्याला मुंग्या आल्या, मुंग्यांनी डब्याची रबरी कड खाल्ली, मग काय, जोडात पाणी. जिग्नेशभाई म्हणाला, "देवानेच लाईन मारली!" कोणी हसलं नाही.

मला अजून हा हिशेब लागत नाही. तिने शेंदूर लावला म्हणून केबल वाचली. तिने शेंदूर लावला म्हणूनच नारळ आले आणि केबल मेली. मग तिने चांगलं केलं की वाईट? मी जिग्नेशभाईला विचारलं. तो शिकलेला आहे. तो म्हणाला, "आप्पा, शेंदूर नसता तर दर पावसाळ्यात कापली गेली असती." मग म्हणाला, "पण ओटा नको होता." सोनीबायला विचारलं, ती म्हणाली, नारळ फोडायचं तिने नाही सांगितलं, ते आमचं. घरी येऊन दीपकला विचारलं, तो म्हणाला, बाबा, जेवून घ्या.

जोड नवा केला. काचेला काच लावायला फार वेळ लागला, सगळं गाव जोडणाऱ्याच्या डोक्यावर वाकून बघत होतं. दुपार कलताना पाड्यातून पोरगी धावत आली. पंचायतीच्या पेटीवर हिरवा दिवा लागला. दुकानदाराने सोनीबायला तिथून नेलं आणि डाव्या हाताचा अंगठा लावला. मशीनने ओळखलं. तांदूळ मिळाले. परत आली तेव्हा पदरात थोडे तांदूळ घेऊन आली, देवाला.

दगड पुन्हा बसवायचा होता. जिग्नेशभाई म्हणाला, झाकणावर नको, आता नियमाप्रमाणे प्लास्टिकचा पिवळा खांब लागेल, त्यावर फोन नंबर. भगताने दगडासाठी मोहाच्या झाडाखालची जागा दाखवली, रस्त्यापासून बरीच आत. मी तिथं खड्डा खणून दगड रोवला. जन्मभर मी दगड लावला तो खाली काहीतरी आहे म्हणून. ह्या दगडाखाली काही नाही. नुसती माती. माझ्या धंद्यात ही सगळ्यात मोठी चूक, नसलेल्या जागी खूण करणं. लोकांनी तिथं नारळ फोडला, पाणी मातीत गेलं, कोणाचं नुकसान नाही.

पुढचं पण आत्ताच सांगून टाकतो. पिवळ्या खांबाला आता म्हैस बांधतात. त्यावरच्या नंबराला फोन केला तर बाई इंग्रजीत बोलते. एकदा तिथं केबल कापली गेली, नीट करून गेले, पुन्हा कापली जाईल. मोहाखालच्या दगडापाशी जत्रा भरायला लागली म्हणतात. मी गेलो नाही.

पण त्या दिवसाचं राहिलं. सगळं आवरलं, गाडी सुरू झाली, मी पाय धुऊन चपला घालत होतो, तर सोनीबाय म्हणाली, "पाहुणा, सुपारी तशीच आहे तुझ्या पट्ट्यात."

मी काढली. रुमाल घामाने भिजला होता.

"देव बसला. काम झालं. आता तिला जा म्हण," ती म्हणाली. "म्हणावं लागतं. नाहीतर अडकून राहते बाई."

दवाखान्यात शेवटी नर्सने मला पुढे ढकललं होतं, काका, काय बोलायचं ते बोला, त्यांना ऐकू जातं. मी काय बोललो असेन? दीपक चहा आणायला गेलाय, म्हणालो. तो येईपर्यंत ती गेली.

सुपारी तळहातावर घेऊन मी उभा होतो. भगत वाट बघत होता, गाव वाट बघत होतं, जिग्नेशभाईने गाडीचं इंजिन बंद केलं. दोन अक्षरांचं सुद्धा नाही, एका अक्षराचं काम होतं. मी तोंड उघडलं. सोनीबायने मान हलवून धीर दिला.

"चल, इंदू," मी म्हणालो. "गाडी उभी आहे."